शब्दकोशात "पाणीपट्टी" सापडते पण "पाणी" सापडत नाही: इंटेलवरून एआरएमवर आणलेल्या प्रोग्रामची नेहमीची अडचण

ही अडचण मी आतापर्यंत तीन वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये बघितलीय आणि दर वेळी लोक फॉन्टच्या मागे लागून दोन-दोन दिवस घालवतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. लक्षण असं असतं: जुन्या इंटेलच्या पीसीवर वर्षानुवर्षं चाललेला एखादा ओपन सोर्स प्रोग्राम, शब्दकोश असेल, नोट्स ठेवायचा असेल, पुस्तकांची यादी असेल, तो तुम्ही रास्पबेरी पायवर (एकाच छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर) किंवा दुसऱ्या कुठल्या एआरएमच्या (इंटेलहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या) लिनक्स मशीनवर सोर्सवरून बिल्ड केला, म्हणजे मूळ कोडपासून बनवला, बिल्ड विनातक्रार झाला, प्रोग्राम उघडला, इंग्रजी सगळं ठीक, मराठी अक्षरंसुद्धा छान दिसतायत, पण सर्चमध्ये काही मराठी शब्द सापडतात आणि काही सापडतच नाहीत. एरर नाही, क्रॅश नाही, काही नाही. नुसतं "शब्द मिळाला नाही".

माझ्याकडे हे पहिल्यांदा आलं ते गावातल्या वाचनालयातून. तिथला पेंटियम फोरचा पीसी शेवटी बंद पडला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले होते, दुरुस्तीत अर्थ नव्हता, म्हणून त्याच मॉनिटरला कन्व्हर्टर लावून मागे रास्पबेरी पाय ४ बसवला आणि मुलं वापरायची तो शब्दकोशाचा छोटा प्रोग्राम, सी भाषेत, जीटीके ही खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी घेऊन लिहिलेला, त्यावर बिल्ड करून दिला. जुन्या हार्डडिस्कवरची इंडेक्सची फाइल (क्रमाने लावलेली शब्दांची यादी, जिच्यात प्रोग्राम शोधतो) तशीच कॉपी केली. चार दिवसांनी ग्रंथपाल काकूंचा फोन, "अरे, ह्यात पाणी हा शब्दच नाहीये. पाणीपट्टी आहे, पाणीदार आहे, पाणी नाही."

मी जाऊन बघितलं तर खरंच तसं. पण डावीकडच्या यादीत हाताने स्क्रोल करत गेलो तर "पाणी" तिथेच होता, क्लिक केल्यावर अर्थही बरोबर येत होता. म्हणजे डेटा शाबूत, दिसणं शाबूत, फक्त शोधणं बिघडलेलं. तुमच्याकडे असं झालं तर सगळ्यात आधी हेच करून बघा, यादीत शब्द आहे का आणि क्लिक केल्यावर उघडतो का. उघडत असेल तर फॉन्ट, लोकेल (भाषेचं सेटिंग), कीबोर्ड ह्यांना हात लावू नका, त्यांचा काही संबंध नाही. आणखी एक खूण म्हणजे इंग्रजी-मराठी बाजूला सगळं व्यवस्थित चालतं आणि मराठी-इंग्रजी बाजूलाच शब्द हरवतात.

आता नेमकं काय होतं ते बघू, कारण हे कळलं की असले पुढचे दहा बग तुम्हाला आपोआप दिसायला लागतील.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटच्या रूपात साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. "पाणी" म्हणजे प, काना, ण, वेलांटी, अशी चार चिन्हं, बारा बाइट. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. इंग्रजी अक्षरांचे बाइट मात्र सगळे १२७ च्या आत. सी भाषेत नुसतं "कॅर" (एक बाइट ठेवायचा टाइप) असं लिहिलं तर ते उणे संख्या धरू शकतं की नाही, म्हणजे साइन्ड की अनसाइन्ड, हे भाषेने ठरवलेलंच नाही, ते कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारं साधन) आणि प्लॅटफॉर्मवर सोडलंय. इंटेल आणि एएमडीवरच्या लिनक्सवर कॅर साइन्ड आहे, त्यामुळे तिथे २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो. एआरएमवरच्या लिनक्सवर कॅर अनसाइन्ड आहे, तिथे तो २२४ च राहतो. इंग्रजी मजकुराला ह्याने काडीचाही फरक पडत नाही. आपल्या मजकुराला मात्र प्रत्येक बाइटला पडतो.

ह्या प्रोग्राममध्ये दोन शब्दांची तुलना करायचं फंक्शन हाताने लिहिलेलं होतं, कारण इंग्रजीतलं कॅपिटल-स्मॉल एकच धरायचं होतं. त्यात साधे कॅर घेऊन एकातून दुसरा वजा केला होता. (स्टॅंडर्ड लायब्ररीचं एसटीआरसीएमपी वापरलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता, ते नेहमी बाइट अनसाइन्ड धरूनच तुलना करतं.) आता "पाणी" आणि "पाणीपट्टी" शेजारी ठेवा. पहिले बारा बाइट सारखे. तेराव्या जागी "पाणी" संपतो, तिथे शून्य आहे, आणि "पाणीपट्टी"त पुढच्या प चा पहिला बाइट आहे. जुन्या पीसीवर तो उणे ३२, म्हणजे शून्यापेक्षा लहान, म्हणून इंडेक्स बनवताना "पाणीदार", "पाणीपट्टी" आधी लागले आणि नुसतं "पाणी" सगळ्यांच्या नंतर. एआरएमवर तोच बाइट २२४, म्हणजे तिथल्या हिशोबाने "पाणी" सगळ्यांच्या आधी यायला पाहिजे. सर्च अर्ध्यातून अर्धं कापत जातो, बायनरी सर्च. मधे "पाणीपट्टी" लागला की प्रोग्राम म्हणतो पाणी ह्याच्या आधी असणार, डावीकडे जातो, तिथे "पाणीदार", त्याच्याही आधी असणार, अजून डावीकडे, आणि संपलं. शब्द उजवीकडे बसलाय.

म्हणून मूळ छोटे शब्द जास्त हरवतात, ज्यांच्यापासून पुढे लांब शब्द झालेत ते: घर, पाणी, मन, काम, वाट. "ठिपका"सारखा शब्द, जो दुसऱ्या कुठल्या शब्दाची सुरुवात नाही, तो सहसा बरोबर सापडतो. आणि मधे नेमका कुठला शब्द लागतो त्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे इंडेक्समध्ये चार नवे शब्द घातले की हरवणाऱ्या शब्दांची यादी बदलते, त्यामुळे लोकांना वाटतं की प्रॉब्लेम येतो-जातो. येत-जात नाही, तिथेच असतो.

हे असं का ठेवलंय असा प्रश्न पडतो. सुरुवातीच्या एआरएम प्रोसेसरमध्ये अधिक-उणे चिन्हासकट बाइट लोड करायची सूचनाच नव्हती, ती एआरएमव्ही४ पासून आली, त्यामुळे अनसाइन्ड कॅर स्वस्त पडायचा आणि तीच पद्धत पुढे प्लॅटफॉर्मच्या नियमात राहिली. पॉवरपीसीवरच्या लिनक्सवरही कॅर अनसाइन्डच आहे, तेव्हा हा बग काही आजचा नाही. घोळ इथे वाढतो की ॲपलच्या एम१ पासूनच्या मॅकवर आणि एआरएमवरच्या विंडोजवर मात्र कॅर साइन्डच ठेवलाय. म्हणजे कोणी म्हणालं की "माझ्या एम२ वर तर चालतंय, तोपण एआरएमच ना", तर तो खरं सांगतोय, पण त्यावरून तुमच्या पायबद्दल काही सिद्ध होत नाही.

खात्री कशी करायची? ह्यासाठी एआरएमचं मशीन हातात असायलाच पाहिजे असं नाही. जीसीसी आणि क्लॅंग ह्या दोन्ही कंपायलरला दोन फ्लॅग (बिल्ड करताना द्यायचे पर्याय) आहेत, एफ-साइन्ड-कॅर आणि एफ-अनसाइन्ड-कॅर. तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपवर मेक क्लीन करून (आधीच्या बिल्डच्या फाइली पुसून) अनसाइन्डवाला फ्लॅग सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या फ्लॅगच्या यादीत) टाका, परत बिल्ड करा, जुना इंडेक्स तसाच ठेवा आणि "पाणी" शोधा. इथेही हरवला तर कारण मिळालं. उलट बाजूने, पायवर साइन्डवाला फ्लॅग टाकून बिल्ड केलं आणि शब्द परत आला तरी तेच सिद्ध होतं. वाचनालयात मी त्या संध्याकाळी हेच केलं, साइन्ड फ्लॅग टाकून बिल्ड करून दिलं, दुसऱ्या दिवशी मुलांची सोय झाली.

पण तो फ्लॅग कायमचा ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतोय. बरेच मेंटेनर तेवढाच फ्लॅग बिल्डमध्ये घालून बग बंद करून टाकतात. त्याने आज भागतं, पण चुकीचा क्रम फाइलमध्ये तसाच राहतो आणि पुढे कोणीतरी पायथनमध्ये नवा इंडेक्स बनवायची स्क्रिप्ट लिहितो, पायथनमध्ये बाइट ० ते २५५ च असतात, त्यामुळे तो इंडेक्स मग इंटेलवरसुद्धा चालेनासा होतो आणि त्या बिचाऱ्याला आपली चूक काय तेच कळत नाही. मी दुसऱ्या दिशेने जायला सांगीन. लिनक्स कर्नेलवाल्यांनी (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) २०२३ मध्ये ६.२ पासून सगळ्या आर्किटेक्चरवर अनसाइन्ड फ्लॅगच लावून टाकला, सगळीकडे एकच वागणूक. आपल्या छोट्या प्रोजेक्टनेही तसंच करावं, म्हणजे इंटेलच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही चूक घरबसल्या दिसते.

आता कोडमध्ये काय बदलायचं. तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये दोन्ही बाजूचे बाइट आधी स्पष्टपणे अनसाइन्ड कॅर करून घ्या, मगच वजाबाकी. ही जागा कंपायलर दाखवत नाही, डोळ्यांनीच शोधावी लागते. बाकीच्या काही जागा मात्र तो दाखवतो, वॉर्निंगचा डब्ल्यू-एक्स्ट्रा फ्लॅग चालू करून अनसाइन्डसकट बिल्ड केलं की "तुलना नेहमीच खरी" किंवा "नेहमीच खोटी" अशा अर्थाची वॉर्निंग येते, ती एकही सोडू नका. त्यात दोन प्रकार हमखास निघतात. एक म्हणजे फाइलमधून एफगेटसीने वाचलेला बाइट कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण), म्हणजे उणे एकशी ताडून बघायचा. एआरएमवर तो उणे एक कधी होतच नाही, लूप संपत नाही, एक कोअर शंभर टक्क्यावर जाऊन बसतो आणि विंडो करडी पडते. इंटेलवर ह्याच ओळीत उलटी चूक दडलेली असते, २५५ हा बाइट आला की फाइल संपली असं समजायचं, पण यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही म्हणून ती इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. उपाय एकच, व्हेरिएबल इंट करा. गेटऑप्ट ह्या, कमांडबरोबर दिलेले पर्याय वाचणाऱ्या फंक्शनचा रिझल्टही असाच कॅरमध्ये ठेवलेला सापडतो, तिथेही इंट. दुसरा प्रकार म्हणजे "बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर हे इंग्रजी नाही" अशी अट. एआरएमवर ती अट कधीच खरी होत नाही, मग प्रोग्राम मराठीला इंग्रजी समजून ओळ कुठेही तोडतो, अक्षराच्या तीन बाइटच्या मधेसुद्धा, आणि ओळीच्या टोकाला प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसतो. लोक फॉन्टकडे वळतात ते मुख्यतः ह्याच्यामुळे. तिथे शून्याशी तुलना काढून टाका आणि सगळ्यात वरचा बिट लागलाय का ते तपासा.

कोड दुरुस्त केला की जुना इंडेक्स आता सगळ्याच मशीनवर चुकीचा ठरतो, इंटेलवरही. हे विसरल्यामुळे दुसऱ्या दिवशी "तुमच्या पॅचने आमचं चालू असलेलं बंद पडलं" अशा तक्रारी येतात आणि त्या रास्त असतात. इंडेक्सच्या फाइलच्या सुरुवातीला एक व्हर्जन नंबर लिहा, प्रोग्रामने उघडताना तो तपासावा, जुना असेल किंवा नसेलच तर इंडेक्स नव्याने बनवावा. पन्नास-साठ हजार शब्दांचा इंडेक्स पाय ४ वर बघता बघता बनतो, त्यासाठी वापरणाऱ्याला काही विचारत बसायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट, इंडेक्सचा हा बाइटचा क्रम फक्त शोधण्यासाठी आहे. पडद्यावरच्या यादीला तो वापरू नका. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर, मग क्ष आणि ज्ञ. यादीचा क्रम लावायला आयसीयूसारखी लायब्ररी मराठी लोकेल देऊन वापरा, दोन्ही गोष्टी एकात घुसवायच्या नादात हे असले हाताने लिहिलेले फंक्शन जन्माला येतात.

सगळं करूनही शब्द सापडतो पण अर्थ भलत्याच शब्दाचा येतो, असं असेल तर तो वेगळा बग आहे, ह्याचा भाऊच म्हणा. जुन्या ३२ बिट मशीनवर लॉंग हा पूर्णांकाचा टाइप चार बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर आठ बाइटचा. इंडेक्समध्ये "अर्थ फाइलमध्ये कुठे आहे" हा आकडा लॉंग आणि "किती लांब आहे" हा इंट असा स्ट्रक्चर (आकड्यांचा एकत्र गठ्ठा) उचलून जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला असेल तर एक नोंद जुन्या मशीनवर ८ बाइटची होते आणि नव्यावर १६ ची, शेवटचे चार नुसते पॅडिंगचे, म्हणजे जागा भरायला टाकलेले. ओळखायची सोपी खूण: प्रोग्राम खाली शब्दांची एकूण संख्या दाखवत असेल तर ती बरोब्बर निम्मी झालेली दिसेल. आणि ३२ बिट रास्पबेरी पाय ओएसवर चालत होतं, २०२२ नंतर ६४ बिट आवृत्ती टाकली आणि बिघडलं असं कोणी सांगितलं तर तर शंकाच नको, कारण कॅर दोन्हीकडे अनसाइन्डच आहे, बदलला तो लॉंग. उपाय म्हणजे फाइलमध्ये जाणारे आकडे ठरलेल्या लांबीच्या टाइपचे ठेवायचे, ३२ बिट अनसाइन्ड, आणि बाइटचा क्रमही ठरवून टाकायचा. स्टारडिक्ट ह्या शब्दकोशाच्या प्रोग्रामच्या इंडेक्सच्या फॉरमॅटमध्ये हे पहिल्यापासून नीट लिहून ठेवलंय, चार बाइटची जागा, चार बाइटची लांबी, मोठा बाइट आधी, त्यामुळे त्या फाइली कुठल्याही प्रोसेसरवर उचलून न्या, चालतात. नवा प्रोग्राम लिहीत असाल तर सरळ तोच फॉरमॅट घ्या.

बिल्डच होत नसेल तर बहुतेक वेळा दोन-तीन कारणं असतात. जुन्या मशीनवरून अख्खं फोल्डर कॉपी केलेलं असतं आणि त्यात जुन्या ऑब्जेक्ट फाइली (बिल्डमधले तयार तुकडे) पडलेल्या असतात, लिंकर (ते तुकडे जोडणारा) मग फाइलचा फॉरमॅट चुकीचा आहे म्हणतो आणि शेजारी ईएम म्हणून एक आकडा देतो, ३ असेल तर ती फाइल ३२ बिट इंटेलची, ६२ असेल तर ६४ बिट इंटेल-एएमडीची. मेक क्लीन करा. कॉन्फिगर म्हणालं की आर्क६४ नावाचं मशीन ओळखत नाही, तर कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब ह्या दोन फाइली जुन्या आहेत, ऑटोरीकॉन्फ फोर्स आणि इन्स्टॉल हे दोन्ही पर्याय देऊन परत चालवा, त्या नव्या येतात. एम-एसएसई२ किंवा एम६४ फ्लॅग ओळखत नाही म्हणालं तर ते फ्लॅग मेकफाइलमध्ये सरसकट लिहिलेत, ते फक्त इंटेलसाठी लागतील अशी अट घाला.

मशीन नक्की कुठलं आहे हेही तपासा. पाय ४ वर ३२ बिट ओएस असली तरी कर्नेल ६४ बिट असू शकतो, त्यामुळे युनेम कमांडला विचारलं तर आर्क६४ सांगतो आणि प्रोग्राम सगळे ३२ बिट. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्सवर डीपीकेजी कमांडला आर्किटेक्चर विचारा, तो एआरएमएचएफ म्हणाला तर तुम्ही ३२ बिटवर आहात. त्यावर ६४ बिट प्रोग्राम चालवला तर "अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही" असं उत्तर येतं, फाइल समोर दिसत असताना. जी फाइल नाही ती तुमचा प्रोग्राम नसून त्याला लोड करणारी लायब्ररी असते.

पाय ५ वर प्रोग्राम उघडताक्षणी बंद पडत असेल तर पेज साइज (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांचा आकार) बघा, गेटकॉन्फ कमांडने १६३८४ दाखवलं तर १६ केबीची पेज आहेत, आणि ४ केबी गृहीत धरून बिल्ड केलेल्या जुन्या मेमरी लायब्रऱ्या तिथे चालत नाहीत. कॉन्फिग फाइलमध्ये कर्नेल८ ची इमेज निवडून रीबूट केलं की ४ केबी परत येतात, पण ते कारण शोधण्यापुरतं, खरा उपाय लायब्ररी परत बिल्ड करणं.

आणि जुना ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट सिस्टीमवर तसाच चालवताय, बाकी सगळीकडे मराठी टाइप होतं आणि फक्त त्याच विंडोत होत नाही, तर आयबसचं (मराठी टाइप करायच्या सोयीचं) जीटीके मॉड्यूल ६४ बिटचंच बसलंय. त्याच आर्किटेक्चरचं मॉड्यूल वेगळं इन्स्टॉल करा.

वाचनालयातल्या मशीनवर नवा इंडेक्स टाकल्यावरही दोन दिवस "मन" सापडत नव्हता, त्याचं कारण सांगून थांबतो कारण तुम्हीही तिथेच अडकाल. प्रोग्राम प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॅश फोल्डरमध्ये इंडेक्सची एक प्रत ठेवत होता आणि ती प्रत मी जुन्या डिस्कवरून होम फोल्डरसकट आणली होती. व्हर्जन नंबरची तपासणी मी मूळ फाइलला लावली, ह्या प्रतीला लावायची राहिली. ती फाइल उडवली, प्रोग्राम परत उघडला, काकूंनी स्वतः टाइप करून बघितलं, मन, पाणी, घर, वाट, सगळे आले. तपासणी आता दोन्ही ठिकाणी आहे.